वक्तृत्व नव्हे, संवाद

प्रतिवर्षीं वक्तृत्वस्पर्धा होतात, बक्षिसें वांटलीं जातात आणि आपलीं मुलें बोलावयास शिकलीं असें पालकांस वाटतें. परंतु त्यांतील पुष्कळशीं भाषणें वडील माणसांनीं लिहून दिलेलीं व मुलांनीं पाठ केलेलीं असतात. पाठांतर वाईट नव्हे. तथापि दुसऱ्याचें ऐकून, विचार करून उत्तर देणें ही विद्या निराळी आहे, आणि तिचा पाया प्राथमिक वर्गांतच घातला पाहिजे.

आपल्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्यशोधनार्थ होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं होतो तो जल्प, आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें खोडून काढणें ही वितंडा. शेवटचे दोन प्रकार मुलें आपोआप उचलतात. पहिला मात्र शिकवावा लागतो. त्याची रीतही शास्त्रकारांनीं घालून दिली आहे: आधीं पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष.

चौथीच्या वर्गांत गुरुजींनीं विचारावें, "उन्हाळ्यांत गांवची विहीर आटूं लागली, तर पाणी प्रथम कोणास द्यावें?" एक म्हणेल, माणसांस; दुसरा म्हणेल, मुक्या गुरांस. नियम एकच: बोलणाऱ्यानें आधींच्या मुलाचें म्हणणें स्वतःच्या शब्दांत सांगावें, आणि त्यानें तें मान्य केल्यावरच आपलें मत मांडावें. प्रथम दोघादोघांनीं आपसांत बोलावें, म्हणजे पुढच्या बांकावरील चार धीट मुलांचेंच राज्य राहणार नाहीं. गांवाकडची बोली बोलणाऱ्या मुलास कोणी हसूं नये, हें शिक्षकांनीं पाहावें. हसण्यानें मिटलेलें तोंड पुन्हां सहजासहजीं उघडत नाहीं.

कोणी म्हणतील, अशानें अभ्यासक्रम मागें पडेल व मुलें उद्धट होतील. आठवड्यांतून एक तास यासाठीं पुरे आहे. उद्धटपणाविषयीं म्हणाल, तर बारा वर्षांचे प्रभु येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकत व त्यांस प्रश्न विचारीत होते, असें लूककृत शुभवर्तमान सांगतें. आणि पुढें ते आईबापांच्या आज्ञेंत राहिले, हेंही तेथेंच सांगितलें आहे.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याचें २९ वें कलमही मुलास भयमुक्त करावें व आपलें मत मोकळेपणीं मांडण्यास साहाय्य करावें असें सांगतें. परंतु कायदा शाळेपुरता. घरांत सत्ता पालकांची. जेवतांना मुलानें "असें कां?" म्हणून विचारलें, तर "मोठ्यांच्या बोलण्यांत तोंड घालूं नको" असें म्हणण्यापूर्वीं त्याचें म्हणणें एकवार आपल्या शब्दांत सांगून पाहावें.