नांगराच्या तासाखाली

धातुशोधक यंत्रे दिवसेंदिवस अधिक खोल पाहू लागली आहेत, ही वार्ता आमच्या व्यवसायातील सर्वांस आनंदाची वाटावी हे स्वाभाविकच आहे. परंतु यंत्राची दृष्टी जेथे नांगराच्या तासाखाली उतरते, तेथे यंत्र चालविणाराचे काम संपून उत्खनकाचे काम सुरू होते, ही मर्यादा जोवर आपण होऊन आपण पत्करीत नाही, तोवर या आनंदात मोकळ्या मनाने सहभागी होणे आम्हांस जमत नाही. वरची वीस-पंचवीस सेंटिमीटर माती शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या उलथीपालथी केलेली असते. तेथील नाणे आपल्या मूळ थरापासून आधीच तुटलेले असल्यामुळे, जागेची नोंद चोख ठेवून ते उचलले तर हानी थोडी आणि लाभ पुष्कळ. त्याखालचा थर मात्र बहुधा जसाच्या तसा असतो, आणि तो एकदा उकरला की जगातील कोणत्याही विद्वानास पुन्हा वाचता येत नाही.

याचे उत्तम उदाहरण इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावानजीक २०१० च्या एप्रिलमध्ये घडले. डेव्ह क्रिस्प हे व्यवसायाने इस्पितळातील स्वयंपाकी. एका शेतात यंत्र फिरवीत असता त्यांस काहीसा चमत्कारिक आवाज आला, म्हणून त्यांनी खणून पाहिले, तो प्रथम एक लहानसे रोमन नाणे आणि मग मातीच्या भांड्याचा काठ दृष्टीस पडला. खाली घबाड आहे हे उमजल्याबरोबर हात आणखी खोल जावा, हा मनुष्यस्वभाव. पण या गृहस्थांनी खड्डा पुन्हा बुजविला आणि अधिकाऱ्यांस वर्दी दिली. पुढे पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले तेव्हा सुमारे साठ सेंटिमीटर उंचीचा रांजण आणि त्यात ५२,५०३ नाणी निघाली, ज्यांचे वजन सुमारे १६० किलो भरले. एवढा भार सबंध उचलणे शक्य नव्हते; म्हणून रांजणाच्या आतील नाणीही थराथराने काढून प्रत्येक थराची पिशवी वेगळी ठेवण्यात आली, आणि या एका खबरदारीचे जे फळ मिळाले ते आमच्या प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावे असे आहे. कॅरॉशियस हा सम्राट इ. स. २८६ ते २९३ या काळात ब्रिटनवर राज्य करीत होता, म्हणजे त्याची नाणी या संचयातील सर्वांत अलीकडच्या नाण्यांपैकी. रांजण वर्षानुवर्षे भरत गेला असता तर ती अगदी वर सापडायला हवी होती. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक नाणी निम्म्याहून खाली, एकाच थरात निघाली. तेव्हा सारा संचय एकाच वेळी ओतला गेला असला पाहिजे. आणि रांजण इतका पातळ की भरलेला उचलून आणणे अशक्य, म्हणून तो आधी खड्ड्यात बसवून मग भरला असावा. यावरूनच, हा भयापोटी पुरलेला दफिना नसून देवतेस वाहिलेले अर्पण असावे, असा तर्क अभ्यासकांस मांडता आला. रांजण ओंजळींनी उपसला असता तरी नाण्यांची संख्या तीच भरली असती, वस्तुसंग्रहालयाचे कपाटही तितकेच सजले असते. पण त्या संचयाचा हेतू काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकारच आपण गमावून बसलो असतो.

आता यंत्राविषयी. कॉइलच्या आकाराच्या मानाने लहान वस्तू बरीच खोल असेल, तर अंतर दुप्पट होताच परत येणारा संकेत सुमारे चौसष्टांश उरतो, हे गणित कोणत्याही कारखानदारास चुकविता येत नाही. म्हणून खोली मिळवायची तर कॉइल मोठी करावी लागते, आणि मोठ्या कॉइलला सुटे नाणे ऐकू येत नाही, हंडा मात्र ऐकू येतो. पल्स पद्धतीच्या यंत्रात विजेचा झटका सोडून तो एकाएकी तोडतात आणि धातूत उमटलेले प्रवाह किती सावकाश विरतात ते काही मायक्रोसेकंदांनंतर मोजतात. त्यामुळे जमिनीतील खनिजांचा उपद्रव बराच कमी होतो, पण लोखंड कोणते आणि तांबे कोणते, हा निवाडा करण्यात हे यंत्र कच्चेच राहते. मोडलेला फाळ आणि तांब्याचा हंडा दोन्ही सारख्याच उत्साहाने बोलतात, आणि परिणामी निष्कारण खड्ड्यांची संख्या वाढते.

दख्खनच्या सर्वेक्षकांस यात आणखी एका अडचणीची भर पडते. आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली. तिच्यातील चुंबकीय कण साध्या यंत्रास सतत बोलते ठेवतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. त्याहून गंभीर बाब अशी की हीच जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते, पृष्ठभागावरील बारीकसारीक वस्तू भेगांत गळून पडतात, आणि पावसाळ्यात माती फुगून भेग मिटली की वर तिची खूणही राहत नाही. सबब हातभर खोल सापडलेले नाणे तेथील थराइतके जुने असेलच, असे धरून चालता येत नाही. खड्ड्याची भिंत थापीने स्वच्छ तासावी, वस्तूभोवतीची माती भेगेतून उतरलेली आहे की थरातली आहे हे रंगावरून आणि पोतावरून पाहावे, आणि मगच वस्तूस हात लावावा.

वस्तू गवसली पण थर हरवला म्हणजे काय होते, याचे दुःखद प्रत्यंतर आपल्या घरीच आहे. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना चार कांस्यमूर्ती लाभल्या: हत्ती, गेंडा, म्हैस, आणि बैलजोडी जुंपलेला रथ, ज्यात सारथी उभा आहे. भारतीय धातुकलेतील हा अनमोल ठेवा. त्या शेतकऱ्याकडे दोष कणभरही जात नाही. परंतु मूर्ती शास्त्रीय उत्खननात न निघाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी वाद माजला. उत्तर हडप्पा काळाचा निर्वाळा एका पक्षाने दिला, तर धातूतील सोमलाचे प्रमाण दाखवून दुसऱ्याने हरकत घेतली, आणि नंतरच्या उत्खननांनीही तो वाद सर्वांचे समाधान होईल असा मिटविला नाही.

१८७८ चा निखात निधी अधिनियम दहा रुपयांहून अधिक किमतीच्या दफिन्याची वर्दी लेखी मागतो: वस्तूंचे स्वरूप व किंमत, सापडल्याची जागा आणि दिनांक. खोलीची आणि थराची विचारणा त्या जुन्या कायद्यात नाही. ती आपणच आपल्यास करावयाची आहे. म्हणून पुढील अंकापासून जागा, खोली आणि थराचे वर्णन नसलेला कोणताही शोधवृत्तांत, मग त्यातील वस्तू कितीही मौल्यवान असो, या मासिकात छापला जाणार नाही. आणि नांगरटीखालचा संकेत मिळताच काम थांबवून जिल्हाधिकाऱ्यांस व पुरातत्त्व खात्यास कळविल्याचा वृत्तांत, खड्डा न खणता आला तरी, आम्ही अग्रस्थानी घेऊ.