सशासाठी कोणती छर्‍याची बंदूक? व्हिडिओ परदेशातला, गुन्हा मात्र आपल्या वावरातला

मस्तगड (जालना) : "एअरगन घ्यायचीय. १७७ घेऊ का २२? आन् छरा टोकदार घेऊ का चपटा?"

हरभरा, गहू वावरात उभा राहिला की हा प्रश्न गावोगावच्या पारावर ऐकू येतो. मस्तगड हे नाव जुन्या जालन्यातल्या १७२५ सालच्या गढीवरून पडलं. आज त्या भागात बाजारहाटाला, दवाखान्याला, कामाला आलेली खेड्यातली पोरं चहाला टेकतात आणि मोबाईल एकमेकांपुढे सरकवतात. व्हिडिओत एखादा गोरा गडी हिरव्या कुरणात पालथा पडलेला असतो, एका छर्‍यात ससा आडवा करतो आणि मग कोणता छरा चांगला ते सांगतो. पाहणार्‍याला वाटतं, पाच-सात हजाराची वस्तू आहे, परवाना लागत नाही, आपल्याला काय हरकत?

हरकत आहे, आणि मोठी आहे. बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ शिकारीला परवानगी आहे असा होत नाही. बरेच जण चुकतात ते इथंच.

नंबरचं गणित काय?

आधी बंदूक समजून घेऊ. ०.१७७ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले १७७, म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटरची नळी. ०.२२ म्हणजे साडेपाच मिलिमीटर. १७७ चा छरा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, तर २२ चा साधारण पाऊण ते एक ग्रॅमचा. हलका छरा वेगात जातो, जड छरा सावकाश जातो पण लागतो जोरात.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ताकद, या दोन्ही मर्यादेत बसणार्‍या एअरगनला परवाना लागत नाही. नळी मोठी झाली किंवा ताकद वाढली की परवाना आला. म्हणजे '१७७ का २२' हा नुसता आवडीचा प्रश्न राहत नाही. २२ ची विनापरवाना घेतली तर जनावराकडे नेम धरायच्या आधीच शस्त्र कायद्याचा गुन्हा होतो. स्प्रिंग बदलून किंवा कुणाकडून 'पॉवर वाढवून' घेतली तरी तेच.

हे २० जूल म्हणजे किती? अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला तर ताकद होते १० जूल. तोच २८० मीटरने सुटला तर साडेएकोणीसच्या वर. याउलट बारा बोरच्या काडतुसाची ताकद दोन-अडीच हजार जूलच्या घरात असते. आता ७०-८० किलोच्या रानडुकराला २० जूलचा छरा मारला तर काय होईल, हे कुणाही शेतकर्‍याला कळतं. ते मरत नाही, चवताळतं. जखमी डुक्कर उसात किंवा तुरीत शिरलं की दुसर्‍या दिवशी तिथं खुरपायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

म्हणजे ज्या रानडुकराने आणि रोह्याने पीक खरोखर लोळवलं, त्यांच्यापुढे ही बंदूक खेळणं आहे. आणि ज्यांना ती मारू शकते तो ससा, तितर, लावा, होला यांना मारायला कायद्याने मनाई आहे.

छर्‍याचे प्रकार कशासाठी?

छरे चार प्रकारचे मिळतात: चपट्या तोंडाचे, गोल डोक्याचे, टोकदार आणि पोकळ तोंडाचे. यातला चपटा छरा कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतो. म्हणून १० मीटर नेमबाजीत तोच चालतो, आणि नळीही १७७ चीच असते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो इथं १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला तो याच नळीवर. परवान्यातून मोकळीक असलेल्या एअरगनचा खरा उपयोग हा आहे: खेळ आणि नेमाचा सराव. ज्या पोराला नेमाचा नाद आहे त्याला ही वाट मोकळी आहे. त्यात अब्रूही आहे आणि पुढं नोकरीचा दरवाजाही.

टोकदार आणि पोकळ छर्‍यांची जाहिरात होते ती बाहेरच्या देशातल्या शिकार्‍यांसाठी. इंग्लंडमध्ये साधारण १६ जूलपर्यंतची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते. तिथं जंगली ससा शेतीचा उपद्रवी प्राणी मानला जातो आणि जमीनमालकाच्या परवानगीने मारता येतो. तिथला ससा बिळं करून टोळीने राहतो. आपला ससा वेगळा. तो बीळ करत नाही, धुर्‍याच्या गवतात एकटा दबून बसतो. प्राणी वेगळा, देश वेगळा, कायदाही वेगळा. व्हिडिओतला सल्ला इथं जसाच्या तसा लावला तर माणूस सरळ वनकोठडीत जातो.

आणखी एक गोष्ट. छरा शिशाचा असतो आणि शिसं विषारी आहे. जखमी प्राणी पळून कुठंतरी मरतो. त्याला खाणार्‍या कुत्र्याच्या, घारीच्या पोटात ते शिसं जातं, आणि शिजवून खाणार्‍या माणसाच्या पोटातही.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे. कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे. जखमी करणं, विष घालणं, फासा लावणं, जाळ्यात धरणं, हाकारा करणं, यातलं काही करायचा प्रयत्न करणं, इतकंच काय पाखरांची अंडी-घरटी मोडणं, हे सगळं शिकारीतच धरलं जातं. म्हणजे छरा चुकला तरी गुन्हा झालाच.

२०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आधीच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या. काळवीट, मोर, घोरपड पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथं शिक्षा किमान तीन वर्षं, ती सात वर्षांपर्यंत जाते, आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. ससा, तितर, रानडुक्कर, रोही दुसर्‍या अनुसूचीत आहेत. तिथं तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुरुस्तीआधी हाच दंड २५ हजारांपर्यंत होता. शिवाय गुन्ह्यात वापरलेली बंदूक आणि मोटारसायकल जप्त होते, ती वेगळीच.

आता हिशेब मांडा. सशाचं मटण निघतं किलो-दोन किलो. त्यापायी वकील, जामीन, तारखा. शिकारीचा फोटो ग्रुपवर टाकला तर पुरावाही स्वतःच्या हाताने दिला. १९९८ चं जोधपूरचं काळवीट प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. त्यात सलमान खानला २०१८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पैशावाल्या नटाला वीस वर्षं कोर्टाच्या पायर्‍या चढाव्या लागल्या. दोन एकरवाल्याचं तर वावरच विकलं जाईल.

अशा प्रकरणाची दुसरीही बाजू आहे. गावाजवळ कुठं हरीण मेलेलं सापडलं की संशय पहिला जातो तो पारध्यांच्या वस्तीवर. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण लोकांच्या मनातून अजून गेला नाही. हौस म्हणून एअरगन चालवणारा घरी झोपतो आणि झडती भलत्याच्याच पालाची होते, ही भीती खोटी नाही.

मग शेतकर्‍याने करायचं काय?

हा सवाल टाळून चालणार नाही. भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत शेतकरी रात्र रात्र आखाड्यावर जागतो. सोयाबीन उगवलं की हरणं शेंडे खुडतात, मका आणि भुईमुगात डुकरं शिरतात, हरभर्‍यात रोह्यांचे कळप उतरतात. नुसतं 'कायदा पाळा' म्हणणं सोपं आहे. पण ज्याचं पीक गेलं त्याला मार्गही दाखवावा लागतो.

पहिला मार्ग नुकसानभरपाईचा. रानडुक्कर, रोही, हरीण, माकड यांनी पीक खाल्लं तर राज्य सरकारची मदत मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करायचा असतो. सातबारा, मोबाईलवरचे फोटो आणि अर्जाची पोच जपून ठेवायची. वनविभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६ आहे, त्यावर फोन करता येतो.

दुसरा मार्ग विम्याचा, आणि तो नवा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात जोड संरक्षण म्हणून धरता येईल. ७२ तासांच्या आत पीक विमा ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकून कळवायचं आहे. पण कोणते प्राणी आणि कोणते भाग धरायचे ते राज्याने अधिसूचित करायचं आहे. म्हणून विमा भरायच्या आधीच कृषी कार्यालयात विचारून घ्यायला हवं, आपलं मंडळ यात आहे का आणि रोही-डुक्कर धरलेत का. नंतर विचारून काही हाती लागत नाही.

तिसरा मार्ग परवानगीचा. रानडुक्कर आणि रोही यांचा उपद्रव फारच झाला तर वनपरिक्षेत्र अधिकार्‍याकडे अर्ज करून अटींसह मारण्याची परवानगी घेता येते. ती परवानाधारक बंदुकीसाठी आहे, छर्‍याच्या बंदुकीसाठी नाही, आणि सशा-हरणासाठी तर नाहीच. मेलेलं जनावर सरकारचं असतं, त्याचं मटण वाटता येत नाही.

जिवावर बेतलं असेल तर गोष्ट निराळी. स्वतःचा किंवा दुसर्‍याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. पण पीक वाचवणं आणि जीव वाचवणं यात कायदा फरक करतो.

बाकी उपाय जुनेच: जागल, डबे, सौर कुंपण. सौर कुंपणाचा झटका थांबून थांबून बसतो, त्याने प्राणी हटतो पण मरत नाही. थेट खांबावरची लाईन तारेत सोडणं मात्र खुनासारखंच आहे. त्यात डुकराच्या आधी शेजारचा माणूस जातो. पाईपमध्ये कार्बाइड टाकून आवाज काढायचा नादही घातक आहे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच बंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली.

चूक एकट्या शेतकर्‍याची नाही

सरकारच्या बाजूचंही बोललं पाहिजे. पंचनाम्याला माणूस वेळेवर येत नाही, ही तक्रार जवळपास प्रत्येक गावात आहे. बटईने वावर करणार्‍याचं नाव सातबार्‍यावर नसतं, मग घाम त्याचा आणि मदत मालकाच्या खात्यावर. परवानगीचा कागद मिळाला तरी गावात परवान्याची बंदूक असेलच असं नाही, आणि निवडणूक लागली की तीही पोलीस ठाण्यात जमा होते. कागदावरचा मार्ग इतका लांबचा असेल तर माणूस जवळची वाट शोधणारच. एअरगनचं आकर्षण इथूनच येतं.

या प्रश्नावर दिल्लीतही एकमत नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी ठरवले. त्यावरून २०१६ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मंत्री मनेका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला. शेतकर्‍याचा प्रश्न दोघांच्या भांडणाच्या मधोमध राहिला, आणि आजही तो तिथंच आहे.

याउलट अरुणाचल प्रदेशाकडे बघा. तिथं घरोघरी एअरगन होत्या आणि पाखरं मारणं रोजचं झालं होतं. मार्च २०२१ मध्ये तिथले वनमंत्री मामा नातुंग यांनी एअरगन जमा करायची मोहीम सुरू केली. कुणावर बळजबरी नव्हती, लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तिचा उल्लेख केला तेव्हा आकडा सोळाशेच्या वर गेला होता. डोंगरातली माणसं हे करू शकली, कारण गावाने मिळून ठरवलं.

आपल्याकडेही ग्रामसभेला दोन ठराव घेता येतात. एक, शिवारात एअरगनने शिकार कुणी करणार नाही. दुसरा, वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा पंचनामा मुदतीत व्हावा आणि बटईदाराचं नाव त्यात यावं. दुसरा ठराव तालुक्याला आणि वनविभागाला लेखी गेला पाहिजे, पोच घेऊन. पहिला ठराव पाळणार्‍या गावाला दुसरा मागायचा हक्क जास्त जोरात बजावता येतो.

तोवर '१७७ घेऊ का २२' याचं उत्तर एवढंच. नेमबाजी शिकायची असेल तर १७७ आणि चपटा छरा. सशासाठी विचारत असाल तर कोणतीच नाही.