किल्ली देताना

नाशिकच्या गंगापूर रोडवर वा इंदिरानगरात राहते घर विकावयाचे ठरले की मालक दलालाच्या हाती किल्ली देतो आणि अनोळखी माणसे घर पाहून जातात. किल्लीची पावती नसते; येणाऱ्याच्या नावाची नोंद नसते. उद्या कपाटातील दागिना नाहीसा झाला, किंवा घर दाखविण्यास एकट्या गेलेल्या महिला दलालावरच प्रसंग ओढवला, तर उत्तरदायी कोण?

स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून 'महारेरा'चे काम सुरू झाले. दलालांना नोंदणी सक्तीची झाली. २०२३ मध्ये प्रशिक्षण व परीक्षाही आली. परंतु ही सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील व्यवहारांपुरती आहे. जुन्या घरांचे बहुतेक व्यवहार आणि भाड्याची घरे तिच्या कक्षेबाहेरच राहिली. दलालाने दायित्व विमा उतरविलाच पाहिजे, असे बंधन या कायद्यात नाही. अमेरिकेतील काही राज्यांत मात्र व्यावसायिक चुकांबद्दलचा असा विमा दलालांना अनिवार्य आहे. २०२१ मध्ये आलेली 'भारत गृह रक्षा' विमा योजनाही मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा आपत्तींसाठी आहे. एरवीची चोरी तीत येत नाही.

कायद्यात सुधारणा व्हावयास हवीच. तोवर ओळखपत्र पाहणे, नोंदवही ठेवणे, किल्लीची पावती देणे आणि एकट्याने न जाणे, एवढे तरी विनाखर्च साधण्यासारखे आहे. जो दलाली घेतो, त्याने जोखमीचाही वाटा उचलला पाहिजे. विश्वास हा व्यवहाराचा पाया खरा. पण पावतीने तो डळमळत नाही, पक्काच होतो.