बापाचा अंगठा, भावाची इच्छा

साक्री तालुक्यात बापाचे मृत्युपत्र बहुधा उत्तरकार्य आटोपल्यावरच बाहेर येते. मजकूर ठरलेला : ‘मुलींची लग्ने करून दिली, त्या आपापल्या घरी सुखी आहेत, सबब सर्व जमीन मुलांना.’ ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, जमिनीला भाव आला आणि बहिणीचा वाटा भावांच्या डोळ्यांत अधिकच सलू लागला.

बहीण कोर्टात सांगते, ‘भावाने दबाव टाकून लिहून घेतले.’ कोर्ट म्हणते, सिद्ध कर. कायदा तसाच आहे. 1925च्या भारतीय वारसा कायद्याचे कलम 61 म्हणते, फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाची स्वतंत्र इच्छाच उरू नये इतका तगादा लावून करवलेले मृत्युपत्र रद्द. पण नुसती मनधरणी म्हणजे दबाव नव्हे आणि दबाव सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने 1954मध्येच सांगितले. आजारी बापाच्या खाटेशी मुलगा आणि सून, मुलगी सासरी. ती साक्षीदार आणणार कुठून?

म्हणून मैत्रिणींनो, दुसरा दरवाजा ठोठवा. 1958मध्ये न्या. गजेंद्रगडकरांनी व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात स्पष्ट केले की, ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद बाब ठरते; आणि कोर्टाचा संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची असते. तेव्हा उत्तरे भावाला देऊ द्या. मजकूर कोणी सांगितला? दोन साक्षीदार कोणी आणले? बापाला तो वाचून दाखवला का? नोंदणी झाली म्हणून हे प्रश्न संपत नाहीत.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. वारसांना डावलणे हा संशय नव्हे, कारण वारसाक्रम बदलण्यासाठीच मृत्युपत्र असते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये म्हटले. एका मृत्युपत्रापुरते हे पटतेही. पण गावोगावच्या बापांच्या ‘स्वतंत्र’ इच्छा नेमक्या मुलांच्याच दिशेने कशा वाहतात? मुलाला वगळले तर ‘अनैसर्गिक’ आणि मुलीला वगळले तर ‘रीत’, ही नजर न्यायाची की पुरुषप्रधान घराची? लाभार्थी मुलगाच बापाला सांभाळत असेल आणि सर्व मुली वगळल्या असतील, तर कोर्टाने मृत्युपत्र अधिक कसून तपासलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट गाठीला बांधा. बाप फक्त स्वतःच्या मालकीचे आणि स्वतःच्या हिश्श्याचेच देऊ शकतो. वडिलोपार्जित एकत्र जमिनीत मुलीला जन्मतः वाटा आहे : महाराष्ट्रात 1994मध्ये तो अविवाहित मुलींना मिळाला, 2005मध्ये विवाहितांनाही; आणि त्यासाठी 2005मध्ये बाप हयात असण्याची अट नाही, हे 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तो वाटा बापाच्या मृत्युपत्राने जात नाही.

तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली की 15 दिवसांत लेखी हरकत द्या. मुदत हुकली तरी खचू नका. फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे, तो दिवाणी न्यायालयच देते.

‘आखाजीला माहेर बंद होईल’ ही भीती बहिणींना गप्प बसवते. हाही दबावच आहे, फक्त कुठल्या कलमात लिहिलेला नाही. वाटा सोडला तरच उघडे राहणाऱ्या दाराला माहेर म्हणायचे का, हे आता आपणच ठरवायचे आहे.