खुन्यांना आसन, डॉक्टरला पहारा

१९७९ च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे प्रश्न होता, कंबोडियाच्या आसनावर बसायचे कुणी? अधिकारपत्रे तपासली गेली, मतदान झाले आणि ७१ देशांनी ते आसन पोल पॉटच्या ख्मेर रूज राजवटीच्या माणसांकडेच ठेवले. पावणेचार वर्षांत आपल्याच देशातली पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने आणि कुदळीच्या घावांनी संपवणाऱ्या टोळीची अधिकारपत्रे ग्राह्य ठरली! अमेरिकेने कौल दिला, चीनने दिला, ब्रिटननेही दिला. मग १९८० मध्ये त्याच टोळीच्या हातून सुटलेला एक स्त्रीरोगतज्ज्ञ लॉस एंजेलिसला उतरला. हाइंग न्गोर त्याचे नाव. त्याची पदवी मात्र त्या देशात कवडीमोलाची ठरली आणि बाळंतिणींचे जीव वाचवणारा हा माणूस रात्रपाळीचा पहारेकरी झाला. हा अन्याय नजरचुकीने झालेला नाही. तो नियम करून, शिक्के मारून, जाणूनबुजून झालेला आहे, आणि त्याचा आम्ही धिक्कार करतो.

न्गोर पदवी दाखवू शकत नसेल तर ती लपवावी कोणामुळे लागली? १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजच्या फौजा राजधानी नॉम पेन्हमध्ये शिरल्या, तेव्हा तो एका जखमी सैनिकाचे पोट उघडून शस्त्रक्रिया करत होता. बंदूक घेतलेली पोरे खोलीत घुसली आणि डॉक्टर कुठे आहे म्हणून विचारू लागली. डॉक्टर आत्ताच मागच्या दाराने गेला, असे त्याने सांगितले आणि जीव वाचवला. रुग्ण टेबलावरच राहिला. पुढची जवळजवळ चार वर्षे तो टॅक्सीवाला म्हणून जगला. शिकलेला दिसणे म्हणजे मरण: चष्मा घालणे म्हणजे मरण, फ्रेंच बोलणे म्हणजे मरण. संशयावरून त्याचा अनन्वित छळ झाला, बोट तोडले गेले, तरी तो डॉक्टर असल्याचे बोलला नाही. १९७८ मध्ये त्याची गरोदर पत्नी अवेळी कळा येऊन डोळ्यांदेखत गेली. तिला शस्त्रक्रियेची गरज होती आणि ती करणारा हात तिच्या उशाशीच होता. पण हत्यारे नव्हती, औषध नव्हते, आणि डॉक्टर म्हणून पुढे येणे म्हणजे दोघांचाही मृत्यू. अशा माणसाला दाखले आणि गुणपत्रके मागायला जीभ कशी रेटते?

१९७५ पूर्वी त्या देशात साडेचारशेच्या वर डॉक्टर होते. १९७९ मध्ये पन्नासच्या आसपास उरले. काही आधीच निसटले होते, बाकीचे मारले गेले, नाहीतर शेतांवर राबून मेले. वैद्यक महाविद्यालय बंद, प्राध्यापक ठार, दप्तर उद्ध्वस्त. मुंबईच्या ग्रँट मेडिकलमधून शिकलेला आपला मुलगा अमेरिकेला जातो तेव्हा त्यालाही परीक्षा आणि रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातली उमेदवारी, चुकत नाही. पण त्याच्या महाविद्यालयाला पत्र टाकले तर उत्तर येते. नॉम पेन्हला टाकलेल्या पत्राला उत्तर कोण देणार होते?

रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असे सांगतात. मान्य! मग तपासा ना त्याचा हात. अनुभवी डॉक्टरच्या नजरेखाली उभा करा, वर्षभर पाहा, चुकला तर काढा. थायलंडच्या छावण्यांत तो कंबोडियन निर्वासितांवर उपचार करत होताच. तिथे चाललेला हात विमानातून उतरताच निकामी कसा झाला? चाळिशीच्या माणसाने परक्या भाषेत पहिल्यापासून अभ्यास करावा, पंचविशीच्या पोरांशी स्पर्धा करून उमेदवारी मिळवावी, आणि तोवर घर कशावर चालवावे याची चौकशीही कुणी करू नये, याला कसोटी म्हणत नाहीत. हा दार बंद करण्याचा सभ्य मार्ग आहे.

याची किंमत एकट्या न्गोरने मोजली नाही. जवळच लाँग बीचमध्ये हजारो कंबोडियन येऊन राहिले होते. १९८० च्या दशकात तिथल्या कित्येक मध्यमवयीन बायका दिसत नाही म्हणून दवाखान्यात येऊ लागल्या. डोळे तपासले तर निर्दोष! त्यांनी पोटची पोरे, नवरे, भाऊ समोर मरताना पाहिले होते आणि त्यानंतर त्यांची दृष्टी गेली होती. त्यांना हवा होता ख्मेर बोलणारा, तेच सोसलेला डॉक्टर. आणि तसा एक डॉक्टर त्याच महानगरात पहाऱ्याच्या नोकरीनंतर निर्वासितांना कामे शोधून देत होता!

१९८५ मध्ये त्याच न्गोरला ‘द किलिंग फील्ड्स’ या चित्रपटातल्या भूमिकेसाठी ऑस्कर दिले गेले. आपल्या देशाचे मरण त्याने पडद्यावर उभे केले, तर सभागृहाने टाळ्या दिल्या. रुग्णाची नाडी मात्र अमेरिकेत त्याला कधीच धरता आली नाही. १९९६ मध्ये लॉस एंजेलिसमध्येच गोळ्या घालून त्याचा खून झाला.

 

त्याच अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने २०२३ मध्ये कायदा केला, की परदेशी डॉक्टरला रेसिडेन्सी पुन्हा न करता देखरेखीखाली तात्पुरता परवाना देता येईल. म्हणजे हे शक्य होते! पण त्यालाही आधी जिथे परवाना होता त्या देशाचा दाखला दाखवावा लागतो. ज्याचा मायदेशच जाळला गेला, त्याने तो कुठून आणायचा? कागद नसेल तिथे परीक्षकांनी रुग्णाशेजारी उभे राहून माणूस तपासावा. तो तपास होईपर्यंत त्याला पगार द्यावा. आणि ज्या सरकारांनी १९७९ मध्ये खुन्यांच्या बाजूने हात वर केला, त्यांनी हा खर्च आपल्या तिजोरीतून भरावा.