दुकानावरची जुनी पाटी : भंगार की घरचा ठेवा?



पाऊस तोंडावर आला की आपल्या घरातून एक मोठी झाडलोट निघते. पोटमाळा, पडवी, मागची खोप, सगळीकडचं साठलेलं बाहेर येतं, आणि नेमकी त्याच वेळी दारावर भंगारवाल्याची हाक ऐकू येते. याच दिवसांत कणकवलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. प्रश्न त्यांचा असला तरी पेठेतल्या पुष्कळ घरांतला आहे, म्हणून आजचं सदर त्याच्यासाठीच देते.

त्या लिहितात : "आमचं किराणा दुकान हमरस्त्याला, सासऱ्यांनी काढलेलं. रस्त्याचं चौपदरीकरण झालं त्यात दुकानाची पुढची बाजू गेली. आता आत गाळा घेतला आहे आणि त्यावर नवा दिव्यांचा बोर्ड लागला आहे. जुनी सहा फुटी पत्र्याची पाटी पडवीत उभी आहे. हे म्हणतात, जागा अडते, भंगारात देऊन टाक. पुण्याचे धाकटे दीर म्हणतात, जुन्या वस्तू घेणारं गिऱ्हाईक आहे, विकून मोकळे होऊ. सासूबाई म्हणतात, 'माझ्या डोळ्यादेखत ती पाटी भंगारात जावची नाय.' मी मधल्यामध्ये सापडले आहे. काय करू?"

ताई, पहिलं सांगणं हे की या पावसाळ्यापुरती ती पाटी कुणालाच देऊ नका. एकदा गेलेली पाटी परत येत नाही, आणि पडवीतली सहा फूट जागा काही पळून जात नाही. आता सावकाश पाहू या, की आपल्या हातात नेमकं आहे तरी काय.

पाटी नीट वाचा. पाटी म्हणजे दुकानाचा जन्माचा दाखलाच असतो. पत्त्यात 'जि. रत्नागिरी' असेल तर ती १ मे १९८१ च्या आधीची समजा, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्या दिवशी झाला. सहा आकडी पिन कोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिन कोड तेव्हापासून आले. कुठे 'नये पैसे' लिहिलेलं असेल तर पाटी १९५७ ते १९६४ या सालांमधली असण्याचा संभव मोठा. 'येथें मिळेल' असा डोक्यावर टिंब दिलेला शब्द असेल, तर १९६२ सालचे शुद्धलेखनाचे नवे नियम रुळण्याआधी शिकलेल्या पेंटरचा तो हात असावा. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचं नाव असतं, ते अवश्य शोधा. दोरीला खडू लावून रेषा मारायची, अक्षरं आखायची, मग बारीक ब्रशने रंग भरून एका अंगाला सावली द्यायची, असं ते काम. फ्लेक्स आला आणि हे हात रिकामे झाले. तुमच्या गावातल्या त्या पेंटरची आठवण सांगायला कदाचित ही पाटीच काय ती उरली असेल.

मग तुम्ही म्हणाल, एवढी मोलाची वस्तू, तर सरकार ती राखत नाही का? तर नाही. पुराणवस्तूंसाठी १९७२ सालचा कायदा आहे, पण त्यात सर्वसाधारणपणे शंभर वर्षं झालेली वस्तूच धरतात. साठ-सत्तर वर्षांच्या पाटीला त्याचा आधार नाही. मुंबईत १९९५ साली वारसा जपण्याचे नियम झाले, पण तेही यादीत नोंदलेल्या इमारतींसाठी आणि परिसरांसाठी. आपल्या पेठेतल्या साध्या पाटीचा पालक कोण, तर जिच्या हातात झाडू आहे ती. हे थट्टेने म्हणत नाही बरं का. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे निम्म्या वेळा झाडलोटीच्या दिवशीच ठरतं, आणि ते आपणच ठरवतो.

उलट बाजूने, पाट्या बदलायला लावणारे नियम मात्र आहेत, आणि त्यातले बरेचसे योग्यच आहेत. २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही तेव्हापासून मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान असून चालत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तेव्हा ज्यांच्या जुन्या पाटीवर इंग्रजी ठळक आणि मराठी बारीक असेल, त्यांनी ती पाटी मोडू नये आणि तिच्यावर रंगही फासू नये. नियमाप्रमाणे नवी पाटी बाहेर लावावी आणि जुनी आत, गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगावी. कायदाही पाळला जातो आणि पाटीही राहते.

जिवाची काळजी तर त्याहून आधी. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात भलामोठा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसं गेली. आपली सहा फुटी पाटी त्या मानाने चिमुकली, पण गंजक्या खिळ्यांवर लोंबणारी पाटी खालून जाणाऱ्या शाळकरी मुलाला पुरेशी आहे. जुनं जपायचं म्हणजे धोका जपायचा नव्हे.

नियम आणि जपणूक यांचं वैर असतंच असं नाही, हे मुंबईच्या फोर्ट भागातल्या दादाभाई नौरोजी रस्त्याने दाखवलं आहे. तिथल्या जुन्या दगडी इमारतींच्या कमानी, खांब आणि नक्षी वेड्यावाकड्या पाट्यांखाली झाकून गेली होती. १९९० नंतरच्या दशकात तिथे पाट्यांसाठी नियम आखले गेले. पाटी कमानीच्या आत बसवायची, नक्षी झाकायची नाही, असा त्यांचा रोख. दुकानदारांनी आपली संघटना केली आणि पदरचे पैसे घालून पाट्या बदलल्या. २००४ साली या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दुकानदाराला विश्वासात घेतलं की तो नियमाला भीत नाही, हा त्यातला धडा.

घाईने नियम लावले म्हणजे काय होतं, तेही पाहा. हाँगकाँग शहर एके काळी निऑनच्या रंगीत पाट्यांसाठी जगात नावाजलेलं. निऑन म्हणजे वाकवलेल्या काचेच्या नळीत वायू भरून पेटवलेलं अक्षर. १९१० साली पॅरिसमध्ये ते पहिल्यांदा लोकांना दाखवलं गेलं. हाँगकाँगमध्ये रस्त्यावर पुढे आलेल्या, धोकादायक ठरलेल्या पाट्या उतरवायला सुरुवात झाली आणि हजारो पाट्या गेल्या. तिथल्या एका जुन्या खानावळीवर निऑनची मोठी गाय होती. २०१५ साली तीही उतरली. दैव बरं म्हणून तिथल्या एम प्लस नावाच्या संग्रहालयाने ती घेतली. बाकीच्या बहुतेक पाट्या मात्र फुटून गेल्या, आणि आता लोक हळहळतात. आपल्या कणकवलीत संग्रहालय कुठलं धावून यायला? म्हणून घराघरातच थोडी समज हवी.

आता ताईंच्या पडवीकडे वळू. कामाच्या गोष्टी क्रमाने सांगते.

आधी फोटो काढून ठेवा. समोरून, मागून, आणि पेंटरचं नाव असेल तो कोपरा जवळून. शेजारी मापाची पट्टी धरा. मग सासूबाईंना जवळ बसवून विचारा : पाटी कुणी रंगवली, कधी लावली, कुठे टांगली होती, तिच्या आधी दुसरी होती का? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा आणि त्याची एक प्रत पाटीच्या मागे पाकिटात लावून ठेवा. हे काम पाटी पुसण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. पाटी पुढल्या वर्षीही पुसता येईल.

रंगवलेली पत्र्याची किंवा लाकडी पाटी असेल, तर मऊ कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडा, बस्स. चिकटपणा असेल तर कापसाचा बोळा पाण्याने जेमतेम ओला करून एका कोपऱ्यात फिरवून पाहा. बोळ्याला रंग लागला की तिथेच थांबा. रॉकेल, थिनर, धुण्याची पावडर, लिंबू, चिंच, राख यांतलं काहीही लावायचं नाही. तांब्याच्या घागरीला जे चालतं ते पाटीला चालत नाही.

सँडपेपरने तर मुळीच घासू नका. जुन्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या आणि लाल रंगांत, शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे नियम झाला तो २०१६ चा आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. आता दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. जुन्या पाटीची पूड नाकातोंडात गेली तर लहान मुलांना ती फार वाईट. गळालेले रंगाचे पापुद्रे ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि हात साबणाने धुवा.

चिनी मातीच्या भांड्यासारखी चकचकीत, म्हणजे एनॅमलची पाटी असेल, तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसली तरी चालते. मात्र लगेच कोरडी करा. जिथे टवका उडून गंज धरला असेल तिथे खरवडू नका. तेवढ्याच जागी साध्या मेणाचा पातळ हात द्या.

कुणाच्या मुंबईच्या दुकानातून निऑनची नळी घरी आली असेल तर ती स्वतः विजेला जोडून पाहू नका. तिच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो व्होल्ट असतात. निळ्या उजेडाच्या नळीत पारा असू शकतो, म्हणून ती फुटली तर खिडक्या उघडून मुलांना आधी बाहेर न्या.

आता ठेवण्याचं. आपल्याकडच्या पावसात पाटी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवणं म्हणजे तिला ओल्या पंचात ठेवण्यासारखं आहे, आत घाम धरतो. जुनं सुती लुगडं वरून सैल घाला. जमिनीवर टेकवू नका. दोन विटांवर उभी करा आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, म्हणजे वारा खेळेल आणि वाळवी आली तर लगेच दिसेल. दर पंधरा दिवसांनी मागून एक नजर टाका. टांगायची झाली तर चिऱ्याच्या भिंतीत जस्ताचा मुलामा दिलेले मजबूत हुक बसवून घ्या. वजन चौकटीवर येऊ द्या, पत्र्याच्या भोकांवर नको.

आणि 'नवीन रंग मारून चकचकीत करू' हा मोह टाळा. नव्या गाळ्यावर जुनीच अक्षरं हवी असतील तर ट्रेसिंग पेपरवर ती उतरवून घ्या आणि हाताने रंगवणारा पेंटर गाठून नव्या पत्र्यावर काढून घ्या. असा पेंटर अजून मिळतो. त्यालाही चार पैसे मिळतील.

राहिला विकण्याचा प्रश्न. मुंबईच्या चोरबाजारात अशा पाट्यांना गिऱ्हाईक असतं हे खरं. पण तिथे पाटी बैठकीच्या खोलीतली शोभा होते. कुणाचं दुकान, कुठलं गाव, हे पुसलं जातं. तरी घरात खरीच नड असेल तर विकण्यात कमीपणा नाही. मात्र एक करा : पाटी सासऱ्यांच्या दुकानाची, म्हणजे ती सगळ्या भावंडांची. दिरांनी फोनवर सांगितलं म्हणून देऊ नका आणि यांनी रागाने म्हटलं म्हणूनही देऊ नका. गणपतीला सगळी मंडळी घरी जमतील तेव्हा चौघांसमोर बोलून ठरवा. तोवर सासूबाईंच्या शब्दाला मान द्या. ज्या पाटीखाली त्यांनी उमेदीची वर्षं काढली, तिच्यावर पहिला हक्क त्यांचा.

शेवटी एक गोष्ट सगळ्या मैत्रिणींसाठी. हमरस्त्यावर उड्डाणपूल झाला, पटवर्धन चौकाची कळा बदलली, आणि एकेका दुकानाबरोबर एकेक पाटी गेली. बाजारपेठेत अजून थोड्या असतील. आपल्या राज्यात नगरपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेव्हा तुमच्या प्रभागाची नगरसेविका कदाचित तुमच्या हळदीकुंकवालाच येत असेल. तिच्याकडे साधं मागा : जुन्या पाट्यांची फोटोंसकट एक यादी करावी, रस्त्याच्या कामात पाटी काढायची झाली तर मालकाला आधी कळवून ती सुखरूप त्याच्या हाती द्यावी, आणि जी पाटी जागेवर राहील तिच्या खिळ्या-खांबांची पावसाआधी तपासणी व्हावी. याला फार पैसा लागत नाही. चार बायकांनी सह्या करून अर्ज दिला तरी सुरुवात होते.

तुमच्या घरी अशी पाटी असेल तर तिच्यावरचा मजकूर जसाच्या तसा, जुन्या ऱ्हस्वदीर्घांसकट, लिहून मला कळवा. आणि ताई, भंगारवाला पुन्हा आला तर त्याला रद्दी द्या, फुटक्या बादल्या द्या, पण पाटी तेवढी सासूबाईंच्या नजरेसमोर राहू द्या.

पुढच्या आठवड्यात आगोटीच्या सामानाबद्दल : कोकम, सुकी मासळी आणि डाळी दमट हवेत कशा टिकवाव्यात.