उणे साठ टक्क्यांचे गणित

धरणसाठ्याची टक्केवारी रोज सकाळी मोबाइलवर येते, पावसाच्या तुटीचे रंगीत नकाशे कोणालाही उघडता येतात, तेव्हा कालवा सल्लागार समितीतील वादंग, गावोगावची पैसेवारी (पिकाच्या उत्पन्नाचा पैशांत मांडलेला अंदाज) आणि शेतकऱ्यांची गाऱ्हाणी हा निव्वळ जुन्या काळाचा गोंगाट उरला आहे, असा पूर्वपक्ष पुण्यात अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. पडदा पाहिला की नदी समजली, इतके ते सोपे आहे.

ही टक्केवारी कशाची, हे मात्र पूर्वपक्षाने कधी विचारलेले दिसत नाही. साठ्याचे दोन भाग असतात: कालव्याच्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, बाहेर काढता येणारा उपयुक्त साठा आणि त्याखालचा मृतसाठा; टक्केवारी मोजली जाते ती पहिल्याच्या प्रमाणात, आणि पाणी मृतसाठ्यात उतरले की ती उणे होते. उजनी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ५३.५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आणि मृतसाठा सुमारे ६३.५ टीएमसी आहे. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात हे धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेले, तेव्हाही कागदोपत्री त्यात ३१ टीएमसी पाणी होते, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणे काठोकाठ भरल्यावर होणाऱ्या २९.१५ टीएमसी उपयुक्त साठ्यापेक्षा अधिक. त्यातले गाळाने किती गिळले, हे टक्केवारी सांगत नाही. आणि कालव्याच्या शेपटाचा शेतकरी कोरडा असताना जलाशयाकाठचे उपसा पंप कोणासाठी चालू असतात, हेही सांगत नाही.

दुष्काळाच्या नकाशांबद्दल एवढेच पुरे की, ज्या केंद्रीय दुष्काळ संहितेने (२०१६) पावसाच्या तुटीसारखे निर्देशांक प्रमाण मानले, तीच संहिता नमुन्याच्या गावांत शेतावर जाऊन पडताळणी करायला सांगते. पैसेवारी निर्दोष होती असे कोणीही म्हणत नाही, दुष्काळ ठरवणाऱ्या ५० पैशांच्या रेषेभोवती अंदाज कसे घुटमळत हा वाद जुनाच आहे. पण पैसेवारी चुकली तर भांडायला तलाठी तरी समोर असे, नकाशातील ठिपक्याशी भांडणार कसे?

ही साधने टाकाऊ नाहीत, अपुरी आहेत. साठ्याशेजारी वापरही दिसला पाहिजे: खडकवासल्यातून पुणे शहराने किती उचलले, उजव्या कालव्याने दौंड-इंदापूरकडे किती गेले, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून (उपसा विहिरीतून) वर्षाला ६.५ टीएमसी शुद्ध केलेले सांडपाणी कालव्यात सोडण्याचे ठरले होते, त्यापैकी प्रत्यक्षात किती सुटले. हे पाणी पिणाऱ्या उसाचे क्षेत्र तर उपग्रहालाही दिसते. ते गावनिहाय त्याच पडद्यावर दाखवण्यात नेमकी कोणती तांत्रिक अडचण आहे, हे पूर्वपक्षाने सांगावे.